दमनकाची चौकशी

पंचतंत्राच्या पहिल्या तंत्राचा शेवट आपल्यापैकी बहुतेकांना नीट आठवत नाही. सिंह आणि बैल यांची मैत्री, ती फोडणारा दमनक कोल्हा, बैलाचा मृत्यू, एवढे लहानपणीच्या वाचनातून लक्षात राहते. पुढचे राहत नाही, कारण मुलांसाठीच्या पुस्तकांतून ते बहुधा गाळलेले असते. संजीवकाला मारल्यावर पिंगलक हळहळतो. दमनक जवळ येऊन त्याची समजूत घालतो, राजाने अशा गोष्टींचा शोक करायचा नसतो असे सांगतो, आणि मंत्रिपदावर राहून सुखाने नांदतो. तंत्र संपते. विष्णुशर्म्याला राजपुत्रांना राज्यव्यवहार शिकवायचा होता, आणि राज्यव्यवहारात असे होते. त्याने काही लपवले नाही.

पण हीच गोष्ट जेव्हा अरबीत गेली, तेव्हा तिथल्या राजाने एक प्रश्न विचारला. अरबी ग्रंथाची चौकट अशी की, दबशलीम नावाचा हिंदुस्थानचा राजा बैदबा नावाच्या तत्त्वज्ञाला प्रश्न विचारतो आणि तत्त्वज्ञ प्रत्येक प्रश्नाला एका प्रकरणाने उत्तर देतो. सिंह-बैलाचे प्रकरण ऐकून झाल्यावर दबशलीम विचारतो की, पुढे त्या कोल्ह्याचे काय झाले? सिंहाच्या मनात संशय आला तेव्हा त्याने आपली बाजू कशी मांडली? या प्रश्नाचे उत्तर म्हणून एक अख्खे प्रकरण येते. त्याला संस्कृतात आधार नाही. त्याचे नाव 'अल-फह्स अन अम्र दिमना', म्हणजे दिमनाच्या प्रकरणाची चौकशी. दिमना म्हणजे आपला दमनक, आणि कलीला म्हणजे करटक.

'फह्स' या शब्दाच्या मुळाशी जमीन उकरण्याचा अर्थ आहे. वाळवंटातला एक पक्षी अंडी घालण्यासाठी पायाने माती खरवडून खळगा करतो, त्या खळग्यालाही याच धातूपासून आलेला शब्द आहे. मराठीत आपण 'प्रकरण उकरून काढणे' म्हणतो, ते इतके जवळचे आहे की मला पहिल्यांदा हे कळले तेव्हा मी शब्दकोश मिटून थोडा वेळ नुसताच बसलो.

हे प्रकरण मी गेली अकरा-बारा वर्षे पुन्हा पुन्हा वाचतो आहे. माझा अधिकार काय, हे आधी सांगितले पाहिजे. मी कोणत्याही विद्यापीठात संशोधन केलेले नाही. एका जिल्ह्याच्या गावी न्यायालयात मी सत्तावीस वर्षे लघुलेखक होतो. साक्षीदाराने सांगायचे, साहेबांनी ते नोंदीच्या भाषेत बसवून मला सांगायचे, मी टंकलिखित करायचे. फिर्याद, वकील, जामीन, तारीख, हुकूम, कैद हे शब्द दिवसातून शंभरदा बोटांखालून जायचे. यातले बहुतेक अरबी, काही फारसी. आदिलशाही-निजामशाहीच्या दफ्तरांतून ते आपल्या तोंडी बसले. ते मुळात कसे दिसतात एवढ्या कुतूहलापोटी चाळिशीत मी एका वृद्ध मौलवींकडे संध्याकाळी अक्षरे गिरवायला जाऊ लागलो. फीऐवजी ते माझ्याकडून अर्ज टाईप करून घेत. आजही माझे अरबी जेमतेमच आहे. अनुवाद शेजारी ठेवून, शब्दकोश उघडा ठेवून मी वाचतो. म्हणून इथे जे लिहितो आहे ते भाषापंडिताचे मत नाही. कोर्टाच्या नोंदी लिहिण्यात आयुष्य गेलेल्या माणसाने एका चौकशीची नोंद वाचली, एवढेच.

आधी ग्रंथाचा प्रवास थोडक्यात. सहाव्या शतकात इराणचा सासानी सम्राट खुस्रो अनुशिरवान याच्या दरबारातला वैद्य बुर्झोय याने पंचतंत्र आणि इतर काही भारतीय कथा पहलवी भाषेत नेल्या. ते पहलवी पुस्तक हरवले. पण त्यावरून इ. स. 570 च्या सुमारास सिरियाक भाषेत एक भाषांतर झाले होते, ते मिळाले आणि 1876 मध्ये छापले गेले. दुसरे भाषांतर अरबी, आठव्या शतकाच्या मध्यावरचे, इब्न अल-मुकफ्फा याचे. 'कलीला व दिमना' म्हणून जगभर गेले ते हे. त्यावरून ग्रीक, फारसी, हिब्रू, स्पॅनिश, आणि हिब्रूवरून लॅटिन, अशी रांगच लागली. आता मुद्दा असा की, सिरियाक भाषांतरात दिमनाच्या चौकशीचे प्रकरण नाही. म्हणजे ते पहलवीतही नसावे. ते अरबीत जोडले गेले, आणि ते जोडणारा हात इब्न अल-मुकफ्फाचा असावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

या जोडकामाविषयी जे मत सर्वत्र वाचायला मिळते ते असे की, मूळ गोष्टीत खलपुरुष मोकळा सुटतो, हे इस्लामी समाजातल्या वाचकाच्या नैतिक जाणिवेला खुपले असणार. म्हणून अनुवादकाने शिक्षा जोडली. वाङ्मयीन दृष्ट्या हे ठिगळ आहे, लांबलेले आहे, बोधवादी आहे, असाही सूर त्यात असतो. हे मत मला पटत नाही. नुसती शिक्षाच हवी असती तर एक पान पुरले असते. सिंहाला सत्य कळले, त्याने दिमनाला फाडले, इति. इथे तसे होत नाही. इथे तारखा पडतात.

सिंह बैलाला मारून पस्तावलेला आहे. त्याला त्याची मसलत, त्याचा सहवास आठवतो. एका रात्री सिंहाच्या विश्वासातला चित्ता घरी जाताना कलीला-दिमनाच्या दारावरून जातो आणि आतले बोलणे त्याच्या कानी पडते: कलीला दिमनाला त्याच्या कपटाबद्दल फैलावर घेतो आहे. चित्ता थेट सिंहाकडे जात नाही. तो सिंहाच्या आईकडे जातो, गुप्ततेचे वचन घेतो आणि मग सांगतो. म्हणजे पुरावा आहे, पण तो वचनात अडकलेला आहे. सकाळी आई मुलाकडे येते. तिला नाव माहीत आहे, पण ते कोणी सांगितले हे ती उघड करू शकत नाही. ती आडून सुचवते. सिंह म्हणतो की, एकदा मी संशयावरून जीव घेतला, दुसऱ्यांदा तसे करणार नाही.

सगळे प्रकरण या बिजागरीवर फिरते, असे मला वाटते. बैल निर्दोष होता, त्याची चौकशी झाली नाही. दिमना दोषी आहे, आणि त्याला चौकशी मिळते. बैलाला जे नाकारले गेले ते सगळे त्याच्या मारेकऱ्याच्या पदरात पडते: आरोप ऐकण्याचा हक्क, उत्तराची संधी, वेळ, न्यायाधीश. आणि दिमना त्यातली एकही गोष्ट वाया जाऊ देत नाही.

भर सभेत त्याला आणले जाते. न्यायाधीश जमलेल्यांना सांगतो की, ज्याला जे माहीत असेल त्याने बोलावे. सगळे गप्प. ही शांतता मी ओळखतो. कोर्टाबाहेर चहाच्या टपरीवर जे पन्नास जण सगळे सांगतात, त्यांच्यातला एकही आत येऊन पिंजऱ्यात उभा राहत नाही. त्या शांततेत दिमना बोलायला उठतो. तो म्हणतो, बोला ना, माहीत असेल ते जरूर बोला. पण न पाहिलेले सांगणाऱ्याची गत त्या अडाणी वैद्यासारखी होते, आणि तो वैद्याची गोष्ट सांगतो. औषधांची ओळख नसलेला वैद्य राजकन्येसाठी चूर्ण कालवतो, त्यात विष मिसळले जाते, ती मरते आणि राजा तेच त्याला पाजतो. गोष्ट ऐकून कोण पुढे येणार?

मग सिंहाच्या मुदपाकखान्याचा प्रमुख, एक डुक्कर, पुढे सरसावतो. त्याच्याकडे माहिती नाही, शास्त्र आहे. शरीरलक्षणांवरून माणूस ओळखता येतो असे त्याचे म्हणणे. दिमनाचा डावा डोळा उजव्यापेक्षा लहान आहे, फडफडतो, नाक उजवीकडे कललेले आहे. ही दुष्टाची लक्षणे. दिमनाचे उत्तर दोन भागांत आहे आणि दोन्ही भाग स्वतंत्रपणे पाहण्यासारखे आहेत. पहिला भाग तर्काचा: लक्षणे जन्मतः येतात, त्यांवरून कर्म ठरत असेल, तर सज्जनाला त्याच्या चांगुलपणाचे श्रेय नको आणि दुर्जनाला दोष नको, कारण दोघांच्याही हातात काही नव्हते. दुसरा भाग निव्वळ हल्ल्याचा: तो डुकराच्या अंगावरचे एकेक किळसवाणे दुखणे सभेपुढे मोजून दाखवतो आणि विचारतो की, असा प्राणी राजाच्या अन्नाला हात कसा लावतो? डुकराची नोकरी जाते.

जो युक्तिवाद एका श्वासात इतका स्वच्छ आहे, तोच पुढच्या श्वासात उलटा वापरला जातो. शरीरावरून पारख करू नका असे म्हणणारा शरीरावरूनच दुसऱ्याला उठवतो. लेखकाच्या हे लक्षात आले नसेल असे मी मानत नाही. उलटतपासणीत नामांकित वकील हेच करताना मी कैकदा पाहिले आहे, आणि नोंदीत ते कधीच पूर्ण उतरत नाही. नोंदीत फक्त शब्द उतरतात.

इथेही नोंद ठेवली जाते, हे मला फार आवडते. काय काय बोलले गेले ते लिहून घेऊन सिंहापुढे ठेवतात, सिंह ते आईला ऐकवतो. तिचा संताप वाढत जातो. तिचे म्हणणे असे की, हा असाच बोलत राहिला तर सुटेल. तिचे म्हणणे खरे आहे.

दुसऱ्या बैठकीत न्यायाधीश वेगळा मार्ग घेतो. तू दोषी आहेस याबद्दल इथे कोणाला शंका नाही, कबूल कर. परलोकात सुटशील आणि इहलोकात निदान खरे बोललास एवढी तरी कीर्ती राहील. दिमना म्हणतो की, न्यायाधीश लोकांच्या समजुतीवरून निकाल देत नाहीत. तुम्हां सगळ्यांना माझ्याविषयी संशय आहे. मला मात्र स्वतःविषयी खात्री आहे. न केलेला गुन्हा कबूल केला तर मी एका निरपराध्याच्या हत्येत सामील होईन, तो निरपराधी मीच. आपण वाचक जाणतो की हे धडधडीत खोटे आहे. पण त्यातले प्रत्येक विधान नियम म्हणून बरोबर आहे. दडपणाखाली दिलेला कबुलीजबाब, सार्वत्रिक समजुतीवरून ठरवलेला दोष, या दोन्हींविरुद्ध याहून नेटका बचाव मी वाचलेला नाही, आणि तो लेखकाने गुन्हेगाराच्या तोंडी घातला आहे.

याच उत्तराच्या ओघात दिमना पोपटांची गोष्ट सांगतो. एका सरदाराच्या घरी बहिरी ससाणा सांभाळणारा एक नोकर असतो. तो मालकिणीवर डोळा ठेवतो, ती त्याला झिडकारते. सूड म्हणून तो पोपटाची दोन पिल्ले धरतो आणि त्यांना बल्ख प्रांताच्या बोलीत एकेक वाक्य पढवतो. एकाने म्हणायचे की, मी मालकिणीला दरवानाबरोबर पाहिले. दुसऱ्याने म्हणायचे की, मी आपला काही बोलत नाही. सरदाराला ती बोली येत नाही. त्याला पोपटांचा मंजूळ आवाज आवडतो आणि तो त्यांना लाडाने वागवतो. एकदा बल्खचे पाहुणे येतात, पोपट बोलतात, पाहुण्यांच्या माना खाली जातात. सरदार खोदून विचारतो, अर्थ कळल्यावर बायकोला मारायला उठतो. ती दाराआडून एवढेच म्हणते की, या पक्ष्यांना या भाषेतले आणखी काही येते का, विचारून पाहा. पाहुणे नाना प्रकारे विचारून पाहतात. पोपट ती दोनच वाक्ये बोलतात. नोकराला बोलावतात. तो हातावर ससाणा घेऊन येतो, आपण डोळ्यांनी पाहिले असे सांगतो, आणि ससाणा झेप घेऊन त्याचे डोळे फोडतो.

पढवलेला साक्षीदार ओळखायची रीत आजही हीच आहे. पढवलेले तो बिनचूक सांगतो. त्याच्या कडेचे काही विचारले की थांबतो. त्या दुसऱ्या पोपटाचे वाक्य मला तर पहिल्यापेक्षा भयंकर वाटते. 'मी काही बोलत नाही' असे म्हणून तो पहिल्याला बळकटी देतो. ज्याने हे रचले त्याने साक्षी देणारी माणसे जवळून पाहिली होती.

दरम्यान कलीला मरतो. तो कैदखान्यात दिमनाला भेटून आलेला असतो. मित्राचे दुःख आणि स्वतःही अडकण्याची भीती या दोन्हींनी खचून त्याच रात्री त्याचा प्राण जातो. सत्य ठाऊक असलेला सर्वांत जवळचा साक्षीदार असा हातचा जातो. पण कैदखान्यातले त्यांचे बोलणे तिथल्याच एका कैदी श्वापदाने ऐकलेले असते. शेवटी आई चित्त्याला वचनातून मोकळे करून साक्षीला उभे करते. ते कळताच तो कैदी निरोप पाठवतो की, मलाही सांगायचे आहे. आधी का बोलला नाहीत असे विचारल्यावर सांगितले जाते की, एकाच्या साक्षीने निकाल होत नाही, हे ठाऊक होते. कुराणाच्या दुसऱ्या सुरेत देण्याघेण्याच्या व्यवहारासाठी दोन पुरुष साक्षीदार सांगितले आहेत, आणि इस्लामी न्यायपद्धतीत दोन साक्षीदार हा पाया ठरला. प्राण्यांच्या या गोष्टीत तो नियम येतो आणि त्यावर एका जीवाचा निकाल लागतो. दिमनाचा एकही युक्तिवाद कोणी खोडलेला नाही. तो हरतो ते फक्त दोन जणांनी ऐकले होते म्हणून. नंतर तो कसा मरतो याविषयी पोथ्यांमध्ये मेळ नाही. काहींत त्याला ठार करतात, काहींत अन्नपाणी तोडून मरू देतात.

आता ज्याचे नाव आरोपपत्रात कुठेच नाही त्याविषयी. बैल मेला तो सिंहाच्या पंजाने. दिमनाने चिथावले हे खरे, पण नखे सिंहाची. सबंध चौकशीत सिंहाला एकही प्रश्न विचारला जात नाही. तो शोक करतो, नोंदी ऐकतो, पुढची तारीख देतो. सभेतल्या कोणालाही हे खटकत नाही. लेखकाला खटकले का? प्रकरणात तसे म्हणणारे एकही वाक्य नाही. मात्र राजदरबारापासून दूर राहणारे वैरागी शहाणे, राजाजवळ जाऊन निष्ठेने सेवा करणाऱ्याला हेच फळ मिळते, असा एक सूर दिमना अगदी सुरुवातीलाच लावतो. खलपुरुषाच्या तोंडी आहे म्हणून आपण तो सोडून देतो.

हे सगळे लिहिणारा माणूस कोण होता? त्याचे जन्मनाव रोझबिह. इराणच्या फार्स प्रांतातल्या गूर या गावचा, साधारण इ. स. 720 च्या सुमाराचा जन्म. बाप उमय्यांच्या राजवटीत महसुलाच्या कामावर होता. पैशाच्या अफरातफरीच्या आरोपावरून त्याचा छळ झाला आणि हात वाकडा झाला. त्यावरून त्याला 'मुकफ्फा', म्हणजे आखडलेल्या हाताचा, म्हणू लागले, आणि मुलगा जन्मभर 'आखडलेल्या हाताच्याचा मुलगा' म्हणून ओळखला गेला. चौकशी म्हणजे काय हे या घराला वेगळे शिकवावे लागले नसेल. मुलगा कातिब झाला, म्हणजे दप्तरातला लेखनिक. उमय्या गेले, अब्बासी आले. तो बसऱ्याला नव्या खलिफाचा चुलता ईसा बिन अली याच्या पदरी राहिला आणि तिथेच त्याने इस्लाम स्वीकारला.

त्याचे एक छोटे टिपण उपलब्ध आहे, 'रिसाला फी अस-सहाबा' या नावाचे. खलिफाला, बहुधा मन्सूरला, उद्देशून लिहिलेले. त्यात तो राज्यकारभाराच्या अनेक गोष्टी सुचवतो, पण एक परिच्छेद विलक्षण आहे. तो दाखवून देतो की रक्ताच्या आणि विवाहाच्या बाबतींत हीरा गावात जे चालते ते शेजारच्या कूफ्यात निषिद्ध आहे, आणि कूफ्यातसुद्धा एका भागातला निकाल दुसऱ्या भागात उलटतो. खलिफाने हे सगळे परस्परविरोधी निकाल, त्यांच्या बाजूच्या पुराव्यांसह, गोळा करून घ्यावेत, एकेकावर आपले मत द्यावे आणि सर्व राज्यासाठी एकच ग्रंथ करावा. तसे झाले नाही. कायदा पुढे खलिफांच्या हाती न राहता फकीहांच्या, म्हणजे धर्मशास्त्रज्ञांच्या, हाती गेला. पण दिमनाच्या चौकशीत ज्याला रस वाटला त्याच माणसाने हे टिपण लिहिले, हे ध्यानात घेतले की ते प्रकरण नीतिबोधाचे ठिगळ वाटेनासे होते. न्याय कोणत्या रीतीने करायचा हा प्रश्न त्याच्या काळात खरोखरच उघडा होता.

इथे एक अडचण मांडली पाहिजे. 'कलीला व दिमना'च्या उपलब्ध अरबी पोथ्या उशिराच्या आहेत. इस्तंबूलची एक महत्त्वाची पोथी 1221 सालची आहे, म्हणजे लेखकानंतर साडेचारशेहून अधिक वर्षांनंतरची. आणि या पोथ्यांमधले फरक किरकोळ नाहीत. वाक्ये, गोष्टींचा क्रम, कधी आख्खी प्रकरणे बदलतात. नकलाकारांनी हे पुस्तक आपलेच समजून वापरले. त्यामुळे अमुक शब्द इब्न अल-मुकफ्फाचाच असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. चौकशीचे प्रकरण मात्र अकराव्या शतकातल्या ग्रीक भाषांतरात आहे, बाराव्या शतकात गझनीच्या दरबारी नस्रुल्ला मुन्शीने केलेल्या फारसी रूपांतरातही आहे. (हा नस्रुल्लासुद्धा पुढे मंत्री झाला आणि कैदेत मारला गेला.) तेव्हा प्रकरण जुने आहे, त्याचा सांगाडा पक्का आहे, आणि मी वर जे म्हटले ते सांगाड्यावरून म्हटले आहे.

एक बारीक गोष्ट सांगाड्यातली नाही, तरी सांगतो. कलीला मेल्याची बातमी दिमनाला कैदखान्यात आणून देणारा एक कोल्हा आहे. दिमना त्याला आपले पुरलेले धन देतो आणि विनवतो की, तू सिंहाच्या दाराशी जात जा, आणि सिंह व त्याची आई यांच्यात माझ्याविषयी काय बोलणे होते ते मला कळवत जा. छापील अरबी प्रतींत या कोल्ह्याचे नाव रोझबा असे येते. रोझबिह हे लेखकाचे मुसलमान होण्याआधीचे नाव. हे नाव फारसीत दुर्मीळ नव्हते, तेव्हा यावर काही उभारू नये. दरबाराच्या दाराशी उभे राहून आतले शब्द बाहेर नेणारा, असा तो कोल्हा आहे, एवढे मात्र मी समासात पेन्सिलीने लिहून ठेवले आहे.

लेखकाचा शेवट एका दस्तऐवजावरून झाला, असे जुने चरित्रकार सांगतात. 754 मध्ये मन्सूर खलिफा झाला तेव्हा त्याचा चुलता अब्दुल्ला बिन अली याने बंड केले, हरला, आणि बसऱ्याला भावांच्या आश्रयाला आला. भावांनी त्याच्यासाठी अभयपत्र मागितले. मसुदा करायचे काम ईसाच्या लेखनिकाकडे आले. त्याने एकही फट ठेवली नाही. खलिफाने वचन मोडले तर त्याच्या बायकांना आपोआप तलाक, त्याचे गुलाम मुक्त, आणि मुसलमान त्याच्या निष्ठेच्या शपथेतून मोकळे, असे त्याने लिहिले. मन्सूरने विचारले की, हे कोणी लिहिले? नाव कळल्यावर बसऱ्याचा सुभेदार सुफियान बिन मुआविया याला सूचना गेली. सुफियानचा आधीच राग होता. त्याचे नाक भले मोठे होते, आणि इब्न अल-मुकफ्फा त्याला भेटला की 'तुम्हां दोघांना सलाम' म्हणायचा, एक त्याला आणि एक नाकाला. ज्याच्या पुस्तकात नाकावरून माणूस ठरवू नये असा बचाव आहे, त्याची ही जीभ. इ. स. 757 च्या आसपास तो सुफियानच्या घरी गेला आणि बाहेर आला नाही. त्याचे अवयव एकेक करून भट्टीत टाकले, अशी हकिकत आहे. वय अवघे छत्तीसच्या आसपास.

मी नोकरीत असताना एका शेतमजुराच्या खुनाचा खटला चालला होता. कोणी केले ते इमारतीतल्या पट्टेवाल्यापर्यंत सगळ्यांना माहीत होते. पाहणारा साक्षीदार एकच, आणि तो उलटला. आपल्याकडे त्याला फितूर झाला म्हणतात. त्याचा जबाब मीच टंकलिखित केला. आरोपी सुटले. निकालाचा मजकूर सांगताना साहेबांनी एक परिच्छेद दोनदा वाचायला लावला, काही बदलले नाही, आणि सही केली. मी त्या माणसावर कित्येक दिवस मनातून चिडून होतो. दिमनाची चौकशी वाचली ती त्यानंतर दोन वर्षांनी. वाचताना पहिल्यांदा मी सिंहाच्या आईच्या बाजूने होतो. आज त्याबद्दल मला तेवढी खात्री नाही.

इब्न अल-मुकफ्फाच्या खुनाचा खटला झाला. तेराव्या शतकातला चरित्रकार इब्न खल्लिकान याने ती हकिकत नोंदवली आहे. खलिफाच्या चुलत्यांनी सुफियानला साखळदंडात बांधून मन्सूरपुढे आणले. साक्षीदार हजर केले. इब्न अल-मुकफ्फा त्या घरात शिरताना आम्ही पाहिला, बाहेर पडताना पाहिला नाही, असे त्यांनी सांगितले. साक्षीदार एकाहून अधिक, साक्ष एकमेकांना धरून. मन्सूर म्हणाला, पाहतो. मग त्याने साक्षीदारांना विचारले की, समजा, मी तुमच्या बोलण्यावरून सुफियानला ठार केले, आणि समजा, इब्न अल-मुकफ्फा या दारातून चालत बाहेर आला आणि तुमच्याशी बोलू लागला, तर मग मी तुमचे काय करू? सुफियानच्या बदल्यात तुम्हांला मारू? साक्षीदार गप्प झाले. त्यांनी साक्ष मागे घेतली. चुलत्यांना समजले ते समजले, आणि तो विषय पुन्हा निघाला नाही.

मन्सूरचा प्रश्न नीट पाहावा. तो नियमाला धरूनच आहे. प्रेत मिळालेले नाही, खून होताना कोणी पाहिलेला नाही, आत गेला आणि बाहेर आला नाही एवढ्यावरून निकाल कसा द्यायचा? दिमनाने हाच प्रश्न विचारला असता, बहुधा याच शब्दांत.

इब्न खल्लिकान स्वतः दमास्कसचा मुख्य काजी होता. त्याच्या त्या अवाढव्य चरित्रकोशात इब्न अल-मुकफ्फाला स्वतंत्र नोंद नाही. ही सगळी हकिकत येते ती सूफी हल्लाजच्या नोंदीत, आणि ती तिथे का येते त्याला कारण आहे. अकराव्या शतकातला मोठा धर्मशास्त्रज्ञ जुवैनी याने लिहून ठेवले होते की हल्लाज, जन्नाबी आणि इब्न अल-मुकफ्फा या तिघांनी मिळून राज्य बुडवण्याचा कट केला होता. इब्न खल्लिकान हा आरोप घेतो आणि काजीसारखा तपासतो. हल्लाजला 922 मध्ये बगदादला मारले. इब्न अल-मुकफ्फा त्याच्या दीडशेहून अधिक वर्षे आधी मेला होता. दोघांची भेट होणेच शक्य नव्हते. कोण केव्हा जन्मला, केव्हा मेला, कोणत्या खलिफाच्या काळात, हे तो एकेक करून मांडतो, त्या ओघात बसऱ्याचे ते घर, ती भट्टी आणि फिरलेले साक्षीदार येऊन जातात, आणि आरोप निकालात निघतो.